कासवाचे मौन

सशाच्या आणि कासवाच्या शर्यतीची गोष्ट ऐकली नाही असे मूल आपल्या घरांतून शोधूनही सापडायचे नाही. गोष्ट लहान आहे, तात्पर्य स्वच्छ आहे, म्हणूनच ती पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली. परंतु त्या गोष्टीत एक बाब गृहीत धरलेली असते व तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. शर्यत पाहायला जमलेली रानातील मंडळी प्रामाणिक आहेत, हीच ती बाब. जो आधी पोहोचेल त्याच्याच गळ्यात ती माळ घालणार, याविषयी गोष्ट सांगणाऱ्या आजीला शंका नसते आणि ऐकणाऱ्या नातवालाही नसते.

समजा, त्या मंडळींना ससाच आवडू लागला तर? त्याच्या उड्या, त्याची ऐट, त्याचे गोड बोलणे यांची त्यांना भुरळ पडली आणि कासवाचा संथपणा कंटाळवाणा वाटू लागला तर? मग शर्यतीचे काय होईल? आणि अशा वेळी कासवाने काय करावे? निमूटपणे चालत राहावे, की थांबून दोन शब्द बोलावे?

हा प्रश्न ज्या चित्रपटाने आपल्यासमोर हसतखेळत मांडला त्याचे नाव ‘कथा’. सई परांजपे यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९८३ साली प्रदर्शित झाला. त्याला आधार होता एस. जी. साठ्ये यांच्या ‘ससा आणि कासव’ या मराठी नाटकाचा. चित्रपटाची भाषा हिंदी. परंतु त्यातील माणसे, त्यांची आडनावे, त्यांच्या सवयी आणि त्यांचे सणवार अस्सल मराठी. उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला लाभला. चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला तरी हा चित्रपट जुना होत नाही. त्यातील कपडे, केशरचना व किमती जुन्या झाल्या. प्रश्न मात्र तसाच उभा आहे.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. मुंबईतील एका चाळीत राजाराम जोशी नावाचा एक साधा कारकून राहतो. नोकरीत कायम झाल्याचा त्याला कोण आनंद! तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना पेढे वाटत सुटतो. चाळीतील कोणाचेही काम अडले की हाक राजारामला. समोरच्या बिऱ्हाडातील संध्या सबनीसवर त्याचे मनोमन प्रेम आहे. पण ते शब्दांत उतरत नाही. अशात त्याचा जुना मित्र बाशू पाहुणा म्हणून येऊन टपकतो. तो राजारामच्या खोलीत राहतो, त्याचे कपडे वापरतो, त्याचे पैसे उडवतो, आणि बघता बघता अख्ख्या चाळीचा लाडका होऊन बसतो. थापा मारण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. गोड बोलण्याच्या बळावर तो राजारामच्याच कंपनीत शिरकाव करून घेतो, साहेबांच्या पत्नीशी आणि मुलीशी एकाच वेळी सलगी वाढवतो, आणि इकडे चाळीत संध्येचेही मन जिंकतो. लग्न ठरते. मग त्याचे पितळ उघडे पडते व तो नाहीसा होतो. फसवल्या गेलेल्या संध्येपुढे राजाराम लग्नाचा प्रस्ताव ठेवतो. बाशू मात्र विमानात बसून नव्या देशाकडे, नव्या सावजांकडे निघालेला असतो.

गोष्टीतील ससा झोपतो आणि हरतो. या गोष्टीतील ससा उडून जातो. त्याला शिक्षा होत नाही, पश्चात्तापही होत नाही. तात्पर्य शोधणाऱ्याला दिग्दर्शिकेने असे अवघड जागी आणून सोडले आहे.

आता, मुंबईच्या चाळीतील ही कथा पोलादपूर तालुक्यातील कापडे यांसारख्या गावातील माणसाने आपली का मानावी, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. महाड आणि पोलादपूरच्या डोंगरकुशीतील गावांना मुंबई कधीच परकी नव्हती. भातशेती पावसावर अवलंबून, जमिनीचे तुकडे लहान, आणि खाणारी तोंडे अधिक. त्यामुळे घरटी एक तरी माणूस मुंबईला, हा या भागाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. जुना कुलाबा जिल्हा, म्हणजे आजचा रायगड, तसेच रत्नागिरी व सातारा या जिल्ह्यांतील माणसांनी गिरणगाव वसवले. एका गावची माणसे एका खोलीत दाटीवाटीने राहत. पाळी संपवून आलेला निजायचा तेव्हा पाळीवर निघालेला उठायचा; वळकटी जणू गार व्हायचीच नाही. गावात जशा वाड्या असतात तशीच मुंबईची चाळ ही गावाची आणखी एक वाडी होती. फरक एवढाच, की ती घाटाच्या पायथ्याशी नसून गिरणीच्या भोंग्याशी होती. शिमग्याला आणि गणपतीला ती वाडी रिकामी व्हायची आणि कापड्यासारखी गावे भरून जायची.

आपल्या समाजालाही हा अनुभव नवा नाही. गोव्यातून मुंबईला आलेल्या ख्रिस्ती खलाशांनी व आचाऱ्यांनी धोबीतलाव, डाबूळ परिसरात गावोगावच्या ‘कुडी’ उभारल्या. एका गावची कूड म्हणजे त्या गावचे मुंबईतील छप्पर. भिंतीशी रांगेने लावलेल्या पेट्या, एक वेदी, संध्याकाळची सामुदायिक रोझरी, आणि जहाजावर जाणाऱ्याला व जहाजावरून परतणाऱ्याला एकच दार. हिंदू गिरणी कामगाराची गावकीची खोली आणि ख्रिस्ती खलाशाची कूड ही एकाच गरजेची दोन रूपे होती. परक्या शहरात माणसाला आधी शेजार लागतो, घर नंतर.

म्हणून ‘कथा’मधील चाळ ही आपल्याला परिचित आहे. आणि या चित्रपटाचे पहिले श्रेय असे, की त्यात चाळ ही केवळ पार्श्वभूमी नाही. ती एक पात्र आहे. लांबलचक गॅलरी, तिच्या कठड्यावर वाळणारे कपडे, उघडी दारे, एका घरातील फोडणीचा वास दुसऱ्या घरात, एका घरातील भांडण तिसऱ्या घरात. गॅलरीतून जाणाऱ्याला कोणाच्या ना कोणाच्या दारासमोरूनच जावे लागते. त्यामुळे चाळीत कोणी एकटे येत नाही, एकटे जात नाही. एका माणसाच्या घरी घडलेली गोष्ट चाळीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत चार मते मिळवून बसलेली असते. सई परांजपे यांनी हा सारा गलबला अतिशय आपुलकीने टिपला. त्यांनी चाळीची टिंगल केली नाही आणि आरतीही केली नाही.

कलावंतांविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. कारण या चित्रपटाचा नैतिक आशय संवादांपेक्षा पात्रयोजनेत अधिक दडलेला आहे. राजारामची भूमिका नसीरुद्दीन शाह यांनी केली, बाशूची फारूक शेख यांनी. त्या काळच्या प्रेक्षकाला हे उलटेच वाटले असले पाहिजे. फारूक शेख म्हणजे सालस, लाजरा, विश्वासू तरुण. ‘गमन’मध्ये (१९७८) गाव आणि पत्नी मागे सोडून मुंबईत टॅक्सी चालवणारा त्यांचा नायक पाहून कोकणातल्या कितीतरी घरांना आपला माणूस आठवावा. सई परांजपे यांच्याच ‘चश्मेबद्दूर’मध्ये (१९८१) तीन मित्रांपैकी सज्जन तो त्यांचाच. उलट नसीरुद्दीन शाह म्हणजे धग आणि धार. ‘आक्रोश’मधील (१९८०) अस्वस्थ वकील, ‘स्पर्श’मधील (१९८०) मानी अंध मुख्याध्यापक, या त्यांच्या भूमिका. दिग्दर्शिकेने या दोघांच्या प्रतिमांची अदलाबदल केली. ज्याच्या चेहऱ्यावर आपण डोळे मिटून विश्वास ठेवला असता त्यालाच तिने लबाड केले.

याचा परिणाम विलक्षण होतो. चाळकरी बाशूला भुलतात तेव्हा प्रेक्षागृहात बसलेले आपणही भुललेलो असतो. फारूक शेख हसले की आपल्याला हसू येते. त्यांच्या थापा आपल्याला ठाऊक असतात, तरी पुढची थाप ऐकायला आपण उत्सुक असतो. राजाराम पडद्यावर आला की मात्र वेग मंदावल्यासारखे वाटते. अशा रीतीने शर्यत पाहणाऱ्या रानातील त्या मंडळींत दिग्दर्शिका आपल्यालाही नेऊन बसवते, आणि आपण कोणासाठी टाळ्या वाजवल्या हे आपल्याला चित्रपट संपल्यावर कळते. कोणाही उपदेशकाला न साधणारी गोष्ट एका पात्रयोजनेने साधली आहे.

नसीरुद्दीन शाह यांचे काम त्याहूनही कठीण. दुष्टपणा पडद्यावर चटकन दिसतो; खोडकरपणा त्याहून चटकन दिसतो. भलेपणाला रंग नसतो. तो दाखवायला गेले की ढोंग वाटते आणि नाही दाखवला तर कोणाच्या लक्षात येत नाही. शाह यांनी राजारामला देवमाणूस केले नाही. किंचित ओशाळलेली चाल, बोलण्यापूर्वी अडखळणारे ओठ, दुसऱ्याला नको म्हणताना होणारी घालमेल; एवढ्यावर त्यांनी एक माणूस उभा केला. दीप्ती नवल यांची संध्या ही सुंदर तशीच हट्टी आहे, स्वप्नाळू आहे, आणि शेवटी साऱ्यांत धीट ठरते. नातवंडांना गोष्ट सांगणाऱ्या आजीच्या भूमिकेतील लीला मिश्रा, साहेबांच्या पत्नीच्या भूमिकेतील मल्लिका साराभाई, आणि मुलीच्या भूमिकेतील विनी परांजपे यांच्यापासून गॅलरीत क्षणभर डोकावणाऱ्या शेजाऱ्यांपर्यंत कोणीही वायफळ नाही. एकाने पुढे यावे, इतरांनी त्याला वाट द्यावी, आणि पुन्हा मागे सरावे, हा उत्तम शेजाराचा धर्म. या नटसंचाने तो पडद्यावर पाळला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चाळ फसली कशी? तिला डोळे नव्हते असे म्हणता येत नाही. चाळीइतके डोळे दुसरीकडे कुठे असतात? कोणाकडे पाहुणा आला, कोणाचा दिवा रात्री उशिरापर्यंत जळत होता, कोणाच्या मुलीने नवी साडी नेसली, हे सारे गॅलरीला ठाऊक असते. तरीही तिला बाशूचे खोटे दिसले नाही आणि राजारामचे खरे दिसले नाही. पाहणे आणि ओळखणे यांत अंतर आहे. आपण नवलाईकडे पाहतो. जे रोज घडते ते नजरेआड जाते. राजाराम रोज मदतीला धावतो, म्हणून त्याची मदत ही मदत राहत नाही. ती नळाच्या पाण्यासारखी होते. पाणी आले तर कोणी आभार मानत नाही. न आले तर मात्र ओरड होते. बाशू एखाद्या दिवशी कोणाची थोडीशी विचारपूस करतो आणि ती सणासारखी साजरी होते.

आपल्या घरांत याहून निराळे काय घडते? घरातील सर्वांचे उष्टे-खरकटे काढणारी थोरली सून, आजाऱ्याच्या उशाशी बसणारी अविवाहित बहीण, भावंडांसाठी स्वतःचे शिक्षण सोडून कामाला लागलेला थोरला भाऊ, यांच्याविषयी आपण सहज म्हणतो, त्यांचा स्वभावच तसा आहे. स्वभाव हा शब्द आपण किती सोयीने वापरतो! एखाद्याच्या त्यागाला स्वभाव म्हटले की त्याचे ऋण फेडण्याची गरज उरत नाही. मग वर्षातून एकदा मुंबईहून अगर आखातातून येणारा भाऊ दोन पेटारे घेऊन दारात उभा राहतो आणि सारे घर त्याच्याभोवती गोळा होते. त्यात त्याचा दोष नाही. दोष आपल्या नजरेचा आहे.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. चाळीने विश्वास ठेवला, यात तिचे चुकले काय? पाहुण्याला घरात घेणे, गोड बोलणाऱ्याशी गोड वागणे, हा चांगुलपणाच नव्हे काय? प्रत्येक आगंतुकाकडे संशयाने पाहू लागलो तर शेजार उरेल का? आक्षेप खरा आहे. विश्वास ठेवणाऱ्या माणसापेक्षा विश्वासघात करणारा नेहमीच अधिक दोषी. परंतु चाळीचा विश्वास निखळ नव्हता. बाशू प्रत्येकाला त्याच्या मनातले ऐकवत होता. कोणाला स्तुती हवी होती, कोणाला मोठ्या ओळखीचा आधार, कोणाला मुलीसाठी चांगले स्थळ. जो आपल्याला हवे ते सांगतो त्याच्यावर आपण ठेवतो तो विश्वास म्हणजे पुष्कळदा आपल्याच इच्छेवरचा विश्वास असतो. थापाड्याचे निम्मे काम ऐकणाराच करून ठेवतो. विश्वास ठेवावा, पण ज्याचा विश्वास वर्षानुवर्षे कसोटीला उतरला आहे त्याला कोपऱ्यात सारून तो ठेवू नये. चाळीपाशी मोजमाप होते. राजाराम तिच्या डोळ्यांसमोर होता.

आणि राजाराम? त्याच्याविषयी आपल्याला इतकी सहानुभूती वाटते की त्याला प्रश्न विचारण्याचे धैर्य होत नाही. तरी तो विचारला पाहिजे. बाशू कसा आहे, हे चाळीत सर्वांआधी कोणाला ठाऊक होते? राजारामला. त्याच्या खोलीत बाशू राहिला, त्याच्या खिशातून बाशूने खर्च केला. बाशूच्या बोलण्यातील किती भाग खरा असतो हे जुन्या मित्राइतके कोण जाणणार? पण राजाराम बोलला नाही. मित्राविषयी वाईट कसे सांगावे, असे त्याला वाटले असेल. आपले संध्येवर प्रेम आहे, तेव्हा आपले बोलणे मत्सराचे दिसेल, असेही वाटले असेल. ही दोन्ही कारणे सुसंस्कृत माणसाची आहेत. पण त्याच्या मौनाची किंमत त्याने एकट्याने मोजली नाही. ती संध्येने मोजली.

सौम्यपणा आणि भित्रेपणा यांचे बाह्य रूप इतके सारखे असते की कित्येकदा ज्याच्या ठायी ते असतात त्यालाही त्यांतला भेद कळत नाही. दोघेही गप्प बसतात. दोघेही भांडण टाळतात. दोघेही आपला हक्क सोडून देतात. मग ओळखायचे कसे? कसोटी एकच दिसते: मौनामुळे नुकसान कोणाचे होते? माझा अपमान झाला आणि मी गप्प बसलो, तर त्याला सहनशीलता म्हणता येईल. माझ्या गप्प बसण्याने दुसरा खड्ड्यात जाणार असेल, तर त्या गप्प बसण्याला सद्गुणाचे नाव देता येणार नाही. स्वतःच्या वाट्याचे सोडून देणे हे औदार्य. दुसऱ्याच्या वाट्याचे सोडून देण्याचा अधिकार आपल्याला नाही. राजाराम आपली चादर, आपला सदरा, आपली खोली बाशूला देतो, तोवर तो उदार आहे. संध्येचे भवितव्य पणाला लागल्यावरही तो मुका राहतो, तेव्हा त्याच्या भलेपणाला भीतीची कड लागते.

आपल्या परिचयाच्या उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तात घरी राहून राबणारा थोरला भाऊ आहे. तो चांगला आहे, पण त्याचा चांगुलपणा आतून आंबलेला आहे. धाकट्यासाठी मेजवानी झाली तशी त्याची कटुता बाहेर आली. राजाराम या बाबतीत त्याच्याहून थोर. शेजाऱ्यांनी बाशूचे कितीही कौतुक केले तरी त्याच्या मनात कडवटपणा साचत नाही. परंतु थोरला भाऊ निदान बोलला. आपली वेदना त्याने बापापुढे मांडली, म्हणून बापालाही त्याला समजवता आले. न बोललेल्या दुःखाला कोण समजावणार? सात्त्विक माणसाने कडवटपणा टाळावा हे योग्य. पण कडवटपणा टाळण्यासाठी वाचाच टाळली, तर त्याच्या सात्त्विकतेचा लाभ इतरांना होणार कसा?

चित्रपटाचा शेवट म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो. बाशू निघून गेला आहे. संध्येच्या घरावर आकाश कोसळले आहे. ज्या गॅलरीने काल कौतुक केले तीच आज कुजबुजते आहे. त्या क्षणी राजाराम प्रथमच बोलतो. कोणाचे सामान आणायला नव्हे, कोणाचा निरोप द्यायला नव्हे. स्वतःच्या मनातले सांगायला. या प्रस्तावात एक धोका आहे. फसलेल्या मुलीवर उपकार करणारा उदार पुरुष, असे त्याचे रूप सहज होऊ शकले असते, आणि मग संध्या ही शर्यतीत उशिरा पोहोचलेल्या कासवाला मिळालेले बक्षीस ठरली असती. ते होत नाही ते संध्येमुळे. आपल्या आणि बाशूच्या संबंधातील सत्य ती लपवत नाही. लपवले असते तर चालून गेले असते. विचारणारे कोणी नव्हते. तरी ती सांगते. अख्ख्या चित्रपटात, जिथे प्रत्येक जण काही ना काही झाकतो आहे, तिथे सर्वांत महाग पडू शकेल असे सत्य बोलणारी एक तरुण मुलगी आहे. राजाराम ते ऐकतो आणि मागे सरत नाही. तिचे खरे बोलणे आणि त्याचे खरे ऐकणे यांवर ते लग्न उभे राहते. तेव्हा त्यात दया नसून बरोबरी आहे.

मग ससा उडून गेला याचे काय? त्याला शासन का नाही? मला वाटते, दिग्दर्शिकेने आपल्याला सोपे समाधान नाकारले हे चांगलेच केले. भलेपणा हा फायद्याचा धंदा आहे म्हणून भले वागा, असे सांगणारी नीती पहिल्याच तोट्यात दिवाळे काढते. बाशूसारखी माणसे पुष्कळदा सुखात राहतात, हे आपण पाहतोच. प्रश्न एवढाच, की त्यांच्या मागे काय उरते? बाशूला गाव नाही, शेजार नाही. तो जिथे जाईल तिथे त्याला नव्याने थापा माराव्या लागतील. राजारामपाशी संध्या आहे, आणि तिच्यासमोर आता त्याला काहीही लपवावे लागत नाही. याला विजय म्हणायचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.

एवढे लिहिल्यावर चाळीच्या गोडव्यात वाहवत जाण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. दाराला दार लागून असले म्हणजे माणसे एकमेकांची होतातच असे नाही. याची सर्वांत कठोर साक्ष आपल्याच महाडने दिली आहे. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा बोले यांचा ठराव संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचे जाहीर केले. तरी कागदावर मिळालेले पाणी ओंजळीत आले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंच्या समुदायासह त्या तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा परतणाऱ्यांना मारहाण झाली आणि पुढे तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. न्यायालयाचा अखेरचा निर्णय यायला १९३७ साल उजाडले. पिढ्यान्‌पिढ्या एका गावात राहिलेल्या माणसांनी शेजाऱ्याला ओंजळभर पाणी नाकारले. आणि हेही लक्षात ठेवावे, की महाडला आलेले बाबासाहेब त्या काळी मुंबईत परळच्या एका चाळीतच राहत होते. मुंबईच्या चाळींतही जातीच्या भिंती होत्या. कित्येक खोल्या आडनाव विचारूनच भाड्याने दिल्या जात. ‘कथा’मधील चाळ ही पांढरपेशांची चाळ आहे, तिच्या दारापर्यंत हा प्रश्न येतच नाही. चित्रपटावर प्रेम करतानाही त्याच्या चौकटीबाहेर काय राहिले हे आपण विसरू नये. चाळीला सवयीमुळे राजाराम दिसला नाही. महाडमधील कित्येकांना तर शेजारी माणूस म्हणूनच पाहायचा नव्हता. पहिले अंधत्व सौम्य, दुसरे क्रूर. परंतु जवळ राहूनही न ओळखणे हे दोहोंचे मूळ सारखेच.

आज ती गॅलरीही नाहीशी होत आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथील बी. डी. डी. चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या जागी ५०० चौरस फुटांची घरे देण्याचे काम सुरू झाले आहे. त्याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. रात्री संडासासाठी रांगेत उभे राहणाऱ्या वृद्धेला चाळसंस्कृतीचे गोडवे सांगणे ही निर्दयता होय. पण बंद दारामागे राहू लागल्यावर शेजार आपोआप घडणार नाही. तो मुद्दाम घडवावा लागेल. इकडे कापड्याच्या परिसरात उलटा प्रकार. दारे उघडी आहेत, पण घरांत माणसे नाहीत. तरुण मुंबई-पुण्याला, ओसरीवर एखादे वृद्ध जोडपे, आणि शेजारचे घर कुलूपबंद. दाटीत जसा माणूस हरवतो तसाच विरळ वस्तीतही हरवतो.

२२ जुलै २०२१ रोजी याच भागावर डोंगर कोसळले. महाड तालुक्यातील तळिये, पोलादपूर तालुक्यातील साखर-सुतारवाडी व केवनाळे येथील घरे दरडींखाली गाडली गेली. रस्ते पाण्याखाली होते. बाहेरची मदत पोहोचण्याआधी ढिगाऱ्याला पहिला हात लावला तो आसपासच्या ग्रामस्थांनी. संकटात शेजारी कसा धावतो हे आपण तेव्हा पाहिले, आणि त्याचा अभिमान बाळगलाच पाहिजे. तरी मनात येते, ते धावलेले हात काही त्या एका दिवसात तयार झाले नव्हते. त्यांतील कित्येक जण रोजच कोणाचे तरी औषध आणून देत असतील, कोणाची तरी गुरे सोडवत असतील, कोणाच्या तरी कौलांवर चढत असतील. दरड कोसळल्यावर ते आपल्याला दिसले. दरड कोसळण्यापूर्वी ते आपल्याला का दिसू नयेत?

‘कथा’ आपल्यापुढे दोन कर्तव्ये ठेवून जाते, असे मला वाटते. पहिले कर्तव्य चाळीचे, म्हणजे आपणा सर्वांचे. आपल्या धर्मग्रामात, आपल्या वाडीत, आपल्या इमारतीच्या जिन्यावर जो कोणी राजाराम असेल त्याला वेळीच ओळखावे. त्याच्या कष्टाला स्वभाव म्हणून मोडीत काढू नये. चर्चच्या सणाचा मंडप उतरल्यावर खुर्च्या गोळा करणारा कोण असतो, हे माइकवर बोलणाऱ्याचे नाव जितके ठाऊक असते तितकेच आपल्याला ठाऊक असावे. दुसरे कर्तव्य राजारामचे. भल्या माणसाने आपल्या मौनाची झडती घेत राहावी. आपण गप्प बसलो ते प्रेमापोटी की भयापोटी, आणि आपल्या गप्प बसण्याचा भुर्दंड कोण भरतो आहे, हे त्याने स्वतःला विचारावे. बाशू प्रत्येक चाळीत येणारच. त्याला थोपवणे आपल्या हाती नाही. पण तो आला असता राजारामने संध्येच्या दारापर्यंतची दहा पावले आधीच चालून जावे, हे त्याच्या हाती आहे. कासवाला वेग नसेल, वाचा आहे.